मधल्या दांड्याची उंची

या, असे जवळ या. दारात ताटकळत ऐकण्यासारखी ही कथा नाही. मागच्यांनी पुढे सरकावं, पुढच्यांनी मांडी आवळून घ्यावी, म्हणजे सगळे मावतील. एका खिडकीची गोष्ट सांगतो. छोटीशीच आहे, पण तिच्यात एक अख्खं माणूस आहे.

एक काका होते. लाकडी फर्निचरच्या कारखान्यात त्यांनी तेहतीस वर्षं तपासनिसाचं काम केलं. खुर्ची पुढ्यात आली की टेप लावायचा. बरोबर असली तर उजवीकडे, चुकली तर डावीकडे. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. तेवढाही फरक काकांना खपायचा नाही, म्हणून लोक त्यांना सूतभरकाका म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि काकांना त्याचं काही वाटायचं नाही.

काकू सहा वर्षं चाकांच्या खुर्चीत होत्या. या गोष्टीच्या अकरा आठवडे आधी देवाने त्यांना आपल्याकडे नेलं. माणसं भेटायला यायची, रडायची, आणि काका त्यांना पाणी आणून द्यायचे. त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांत काही येत नव्हतं. दात काढायच्या आधी डॉक्टर भूल देतात ना, मग आपलाच गाल आपल्याला परका वाटतो, तसं त्यांचं सगळं अंग झालं होतं. भूक लागायची नाही, पण एक वाजला की जेवायचे. कुणी काही विचारलं की 'हो' म्हणायचे.

मुलगी रजा टाकून आली. आई असताना घरातलं सगळं तिच्या हाताशी यावं म्हणून खाली घेतलं होतं. आता मुलीने रंगारी लावला, विजेचा माणूस बोलावला आणि एकेक पूर्ववत करायला घेतलं.

"बाबा, आरसा वर घेऊ?"

"हो."

"दिव्यांची बटणं?"

"हो."

"आणि तुम्ही माझ्याकडेच राहायला या. इथे एकटे काय करणार?"

"हो."

हे शेवटचं 'हो' तोंडातून सुटलं आणि काकांच्या लक्षात आलं, की आपल्याला जायचं नाही. का, ते सांगता येत नव्हतं. पण अकरा आठवड्यांत त्यांना स्वतःबद्दल कळलेली ही एकच गोष्ट होती, म्हणून त्यांनी ती सांगून टाकली. "मला इथेच राहायचं आहे."

मुलीने हातातला फडका खाली ठेवला. "आत्ता तर हो म्हणालात."

"चुकलं."

"बाबा, कालपासून तुम्ही सगळ्यालाच हो म्हणताय. रंगाऱ्याने विचारलं, भिंत जांभळी करू का, तर त्यालाही हो. तो बिचारा घाबरून माझ्याकडे आला." ती स्टुलावर बसली. "बरं, असं करू. बैठकीच्या खिडकीचं सगळं तुम्ही ठरवा. मी मूग गिळून बसते. ते धड पार पडलं, तर राहा इथे. नाही पडलं, तर बॅग भरायची. चालेल?"

"हो," काका म्हणाले, आणि मग, "हे खरं हो."

खिडकीचं दुखणं असं, की समोर नवी इमारत उठली होती, आणि तिच्या जिन्यावरून चढणारा-उतरणारा जो तो थेट यांच्या बैठकीत डोकावायचा. पडदा ओढला तर दिवसा अंधार. म्हणून आतून बसवायच्या, फिरत्या पट्ट्यांच्या लाकडी झडपा लावायच्या ठरल्या.

दुसऱ्या दिवशी मापवाला आला. काखेत नमुन्यांची पाटी, कानावर पेन्सिल.

"काका, शटर कुठे बसवायचं?"

"शटर? आम्ही दुकान नाही काढलेलं."

"तसं नाही हो. यालाही शटरच म्हणतात. दुकानाचं ओढलं की गिऱ्हाईक जातं, आमचं बसवलं की गिऱ्हाईक घरात बसतं." हा विनोद त्याने बहुतेक रोज दोन-तीन घरांत केला असावा. काका हसले नाहीत, त्यालाही वाईट वाटलं नाही.

त्याने पाटी पुढे मांडली. अडीच इंची पट्टी, साडेतीन इंची, साडेचार इंची. काकांनी मधली घेतली. रंग पाच, आणि पाचही पांढरे.

"हा दुधाळ, हा मोत्याचा, हा हस्तिदंती..."

काकांनी पाचांवरून बोट फिरवलं. पूर्वी त्यांनी सांगितलं असतं, तिसऱ्यात पिवळं जास्त पडलंय. आता पाचही सारखेच दिसत होते. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मुलगी ओठ मिटून बघत होती. काकांनी दुसऱ्यावर बोट ठेवलं.

मग मापवाल्याने चौकटीची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घेतली. "तिन्हींत जे सगळ्यात लहान, ते धरायचं," तो म्हणाला. "मोठं धरलं तर झडप अडकते. आणि चौकट गुण्यात नाही काका, काटकोन चुकलाय, डावा कोपरा सुटलाय."

"दोन सूत," काका म्हणाले.

मापवाल्याने पुन्हा मोजलं आणि पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. "दोनच आहे." नंतर त्याने विचारलं, "एवढ्या उंच झडपेला मध्ये एक आडवा दांडा द्यावा लागतो, नाहीतर ती झुकते. तीन इंच रुंद, भरीव. तो डोळ्यांसमोर आला की बाहेरचं काही दिसत नाही. किती उंचीवर ठेवू?"

"चार फूट एक इंच."

पाढा म्हणावा तसं आलं ते. मापवाल्याने कानावरची पेन्सिल काढून लिहून घेतलं आणि तो गेला. मुलीने दोघांसाठी चहा टाकला, आणि तिचा चेहरा जरा मोकळा दिसत होता.

चौथ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. काका खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. मुलीने फोन मोठ्या आवाजात लावून त्यांच्यापुढे धरला.

"काका, उद्या कापायला घेतोय. आमच्याकडे पद्धत आहे, कापायच्या आधी माप गिऱ्हाइकाच्या तोंडून एकदा ऐकायचं. एकदा कापलं की देव आला तरी जोडता येत नाही. मला जरा शंका आहे. तुम्ही त्या दिवशी ज्या खुर्चीत बसला होता, तिथून बघितलं तर दांडा नेमका तुमच्या डोळ्यांवर येतोय."

मुलीने काकांकडे पाहिलं. "बाबा, हे माप कुणाचं?"

काका खिडकीकडे बघत राहिले. काकूंचे डोळे जमिनीपासून तीन फूट आठ इंचांवर असायचे. चार फूट एक इंचावरच्या दांड्याखालून तिला जिना, रस्ता, झाड, सगळं दिसलं असतं.

"तुझ्या आईचं," ते म्हणाले. आवाज साधाच होता, वेळ सांगावी तसा.

बॅग भरायची गोष्ट दोघांच्याही मनात आली असणार, पण ती कुणीच काढली नाही. फोनमधून करवतीचा आवाज येत होता.

"भाऊ, थांबा हं जरा," मुलगी म्हणाली. "बाबा, तुमचं किती?"

आणि इथे गंमत बघा. ज्या माणसाने तेहतीस वर्षं खुर्च्या मोजल्या, त्याला आपण खुर्चीत बसल्यावर आपले डोळे कुठे येतात, हे ठाऊक नव्हतं. विचारलंच नव्हतं कधी कुणी.

मुलीने टेप आणला आणि ती गुडघ्यांवर बसली. "हलू नका. मान ताठ करू नका, नेहमी बसता तसे बसा." टेपचं थंड टोक काकांच्या गालाला लागलं. "चार फूट एक."

"नीट बघ."

"चार एक आणि... दोन रेघा."

"दोन सूत," काका म्हणाले.

"मग दांडा पाच इंच खाली घेऊ," फोनमधून मापवाला म्हणाला. "वर नेला तर खिडकीची कडी झाकली जाते, हात पोचणार नाही. खालीच बरा. दोन सूत सोडून देऊ. पण काका, आकडा तुम्ही सांगा. ताईंनी नको."

वजाबाकी सोपी होती. आरसा वर गेला होता, बटणं वर गेली होती, आणि काकूंच्या मापाचं घरात एवढंच उरलं होतं, तेही अजून कागदावर. चार फूट एकच असू दे म्हटलं, की मुलगी बॅग काढणार. खाली घेतला, की दांडा येणार बरोबर काकूंच्या डोळ्यांवर. हे फक्त काकांना कळत होतं. त्यांनी छातीत काही दुखतंय का ते पाहिलं. काहीच दुखत नव्हतं.

"तीन फूट आठ इंच," ते म्हणाले.

"पक्कं?"

"पक्कं."

फोन बंद झाला. मुलगी टेप हातात तसाच धरून खाली बसली होती. "राहा इथेच," ती म्हणाली. "पण रोज फोन करायचा. मी नाही करणार, तुम्ही करायचा."

"हो," काका म्हणाले. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यांनी उठून दोन ताटं घेतली.

महिन्याभरात झडपा बसल्या. चांगल्या बसल्या, कुठे फट नाही. काका तिथे बसतात आणि दांड्याच्या वरून बाहेर बघतात.

झाली कथा. आता एक मागणं आहे, तेवढं घेऊन उठा. त्या घरात काकूंच्या उंचीवर आता काही उरलं नाही, आणि काका तर बोलायचे नाहीत. म्हणून तुम्ही तिची आठवण ठेवा. ती सहा वर्षं त्या खिडकीशी बसली, आणि तिचे डोळे जमिनीपासून तीन फूट आठ इंचांवर होते.