उलटा हत्ती

सोलापुरातल्या बुद्धिबळ स्पर्धा विजयमालानं वर्षानुवर्षं पाहिल्या, पण हॉलच्या बाहेरून. लेकाचा डबा आणि पाण्याची बाटली सांभाळत. लेकानं, ऋतुराजनं, पुढं खेळ सोडला; नाद मात्र आईला लागला. यंदा ती स्वतःच आत बसली आणि भल्याभल्यांना गार करत शेवटच्या फेरीला पोचली. समोर ऋतुराजचे जुने बुद्धिबळ क्लासवाले गुरुशांत सर. ती जिंकली तरच राज्य स्पर्धेला जाणार. बरोबरी झाली तर सर जाणार.

"काकू, आज कुणाचा डबा आणलाय?" सर बसता बसता म्हणाले. शेजारची पोरं फिदीफिदी हसली.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं वजिरापुढचं पांढरं प्यादं दोन घरं सरकवलं आणि घड्याळ दाबलं.

दुपार उलटली. वजिराला वजीर मारून झाला.

"बरोबरी घ्या काकू. उगाच शोभा कशाला?"

"न्हाय घेत."

शेवटी पटावर दोन राजे आणि तिचं तेच प्यादं उरलं. ते शेवटच्या घरात पोचलं. आता त्याचा वजीर व्हायचा, पण मेलेला पांढरा वजीर टेबलावर कुठंच दिसेना. तो सरांच्या मुठीत होता! घड्याळात तिची जेमतेम दोन मिनिटं. गावी होटगीला घरी सगळे करायचे तसं तिनं मेलेला हत्ती उचलला आणि वजीर म्हणून उलटा ठेवला.

"पंच!" सर ओरडले. "उलटा असला तरी हत्ती तो हत्तीच!"

पंचांनी मान डोलावली. नियम तसाच होता. वजिरानं मात पटकन झाली असती, हत्ती वेळ खाणार. आणि सरांकडं नुसता राजा उरलेला, म्हणून तिची वेळ संपली तरी हार नाही, बरोबरी. सर खुर्चीला रेलून बसले.

विजयमालाच्या डोळ्यांत संतापानं पाणी आलं. तिनं हत्ती सरळ करून ठेवला.

"हत्ती तर हत्ती. तुमच्या राजाला तेवढा बास हाय की."

हत्तीनं मात करायची रीत सरांनीच ऋतुराजकडून घोकून घेतली होती, आणि क्लासच्या दाराबाहेर बसून हिनं ती सगळी ऐकली होती. एकेक पट्टी अडवत तिनं काळ्या राजाला कडेला रेटलं. घड्याळ संपत आलं होतं.

"मात!"

हात मिळवायला सरांना मूठ उघडावीच लागली. पांढरा वजीर गडगडत पटावर आला. विजयमालानं तो उचलून परत त्यांच्या हातात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या सर. डब्यात घालून घरी न्या."