पुस्तकातला मधाचा वास

"तुमच्या व्यासपीठावरून धडधडीत खोटं सांगितलं गेलं. तुम्ही पहिल्या रांगेत होतात, तुम्हाला नाक होतं, तरी तुम्ही मान डोलावलीत. आणि माफी मी मागायची?"

एवढं लिहून राजाबाईनं पेन टेकवलं. मागून हिरामण वाकून बघत होता. नवऱ्याला चष्म्याशिवाय अक्षर लागत नव्हतं, हे बरंच होतं.

"माफीच लिहितेस ना गं?"

"सुरुवात केलीय."

"दोन ओळी खरड आणि मोकळी हो. मोठी माणसं ती. वाचनालय काय तुझ्या बापाचं आहे?"

"नाही. पण त्यांच्याही बापाचं नाही."

वाचनालयाचं कार्ड गेलं तर बायकोचं काय होईल, हे हिरामणइतकं कुणाला माहीत नव्हतं. सातवी शिकलेली बाई. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये परसराम सेठच्या मेणबत्तीच्या कारखान्यात बारा वर्षं मेण ओततेय. आणि तितकीच वर्षं अंबरनाथ पश्चिमेच्या त्या वाचनालयातून दर शनिवारी एक पुस्तक घरी आणतेय. आधी रहस्यकथा संपवल्या, मग चरित्रं, मग संडासाजवळचं शेवटचं कपाट, ज्याला कुणी हात लावत नाही. तिथं युरोपातल्या विचारवंतांवरचं एक पातळसं पुस्तक सापडलं. ते तिनं चार वेळा नेलं. ग्रंथपाल शशिकांत म्हणालाही होता, "राजाबाई, एवढं काय आहे त्यात? मी तर नुसता शिक्का मारलाय त्याच्यावर."

त्यात एक माणूस होता. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा, फ्रेंच. लहानपणापासून डोक्यात भरलेलं सगळं त्यानं एकदा बाहेर ओतलं आणि पोळ्यातल्या मेणाचा तुकडा पुढ्यात घेऊन खरं काय उरतं ते बघत बसला. राजाबाईला तो आपला वाटला. कारण छप्पन साली, धर्मांतराच्या वेळी, ती आठ वर्षांची असताना, वांगणीजवळच्या गावात तिच्या बापानं देव्हाऱ्यातले देव फडक्यात बांधून उल्हास नदीत सोडले होते. "बाबा, ते कोपले तर?" तिनं विचारलं होतं. बाप म्हणाला, "आठ दिस थांबू. बघू काय करत्यात." आठ दिवस सगळं घर जीव मुठीत धरून होतं. नवव्या दिवशी आईनं नेहमीसारखी भाकरी थापली. शंका घेणं म्हणजे काय, हे राजाबाईला कुणा फ्रेंच माणसानं शिकवायची गरज नव्हती. पण तिकडंही कुणी तसं केलं होतं, याचं तिला बळ आलं.

म्हणून यंदा, अठ्ठ्याऐंशीच्या व्याख्यानमालेतलं पहिलं पुष्प 'शंका आणि ज्ञान' आहे हे फळ्यावर वाचल्यावर तिनं अर्धी पाळी सोडली. मागच्या रांगेत बसली. नखांत मेण तसंच होतं.

दादरहून आलेले प्राध्यापक बोलले मात्र झकास. "गुरू सांगतो म्हणून खरं नाही! ग्रंथात आहे म्हणून खरं नाही! इंद्रियं तर फसवतातच." मग त्यांनी मेणबत्ती मागवली. लाइट गेले तर असावी म्हणून टेबलाच्या खणात ठेवलेली एक शशिकांतनं काढून दिली. प्राध्यापकांनी ती उंच धरली. "हे पोळ्यातलं मेण. याला मधाचा वास आहे, फुलांचा वास आहे. आता बघा." काडी ओढली. थेंब बशीत टपकू लागले. "वास गेला, आकार गेला, कडकपणा गेला! तरी मेण तेच. हे तुम्हाला कुणी सांगितलं? नाकानं? नाही. बुद्धीनं!"

पहिल्या रांगेत अध्यक्षांनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला, मोगरा हुंगल्यासारखा, आणि मान डोलावली. "वा!" टाळ्या पडल्या.

मागच्या रांगेत राजाबाईच्या नाकाला रॉकेलचा दर्प आला, कारखान्यातल्या खनिज तेलाच्या मेणाला येतो तसा. ती उठली.

"सर, मधाचा वास गेला म्हणालात. तो आला कधी?"

"बाई, हे उदाहरण आहे."

"उदाहरण तुमच्या हातातच आहे, सर. हुंगून सांगा."

लोक हसले. तिला हसले.

"त्या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या मूळ ग्रंथात तसं दिलंय," प्राध्यापक म्हणाले.

"ग्रंथात आहे म्हणून खरं नाही, असं तुम्हीच म्हणालात मघाशी."

आताचं हसू दुसरीकडं वळलं. अध्यक्ष उठून मागं वळले. "आपण कोण?"

"मेणबत्तीच्या कारखान्यात असते. कॅम्प चार."

"तरीच. बाई, इथं वाती वळायच्या नाहीत, विचार करायचाय. बसा खाली."

ती बसली नाही. "आणि मेण तेच राहिलं, हे तरी कशावरून? आमच्याकडं वितळल्यावरच कळतं, मेणाच्या लादीत तेल किती घातलंय ते. घट्ट असताना सगळी मेणं सभ्य दिसतात."

लगेच आभारप्रदर्शन सुरू झालं. तिसऱ्या दिवशी घरी पत्र आलं. पाहुण्यांचा अवमान केल्याबद्दल आठ दिवसांत लेखी माफी द्यावी, अन्यथा सभासदत्व रद्द.

पुन्हा आठ दिवस.

माफी तिनं दोनदा लिहायला घेतली. खोटं कशाला बोला, पुस्तकं डोळ्यांपुढं येत होती. अजून अर्धं कपाट राहिलं होतं. मग तिला वाटलं, शंका घ्यायची तर आधी स्वतःवर घ्यावी. आपलंच नाक चुकलं असेल तर? बारा वर्षं रॉकेलात मुरलेलं नाक ते, त्याला सगळीकडं रॉकेलच यायचं! बिचारा तो मास्तर खरं बोलला असेल, आणि आपण भर सभेत त्याची शोभा केली असेल. तसं असेल तर माफी मागायची. दोन ओळी नाही, दोन पानं.

सातव्या दिवशी संध्याकाळी ती वाचनालयात गेली. पदरात एक डबी होती. तिच्यात आईनं टाचांच्या भेगांसाठी जपून ठेवलेला पोळ्याच्या मेणाचा खडा होता.

"शशिकांत, त्या दिवशीचं थोटूक आहे का?"

"खणात असेल. कशाला?"

"आधी काढा."

थोटूक आलं. राजाबाईनं ते हुंगलं नाहीच. नुसतं फिरवून बघितलं आणि तिचा हात थांबला. कडेला उभी, केसाएवढी रेघ होती. सेठच्या कारखान्यातल्या तीन नंबरच्या साच्याला आतून चरा पडलाय, त्यातून निघालेल्या प्रत्येक मेणबत्तीवर ती रेघ उमटते. साचा तिचा. मेण तिनं ओतलेलं.

तरी ती म्हणाली, "डोळे मिटा. माझं ऐकू नका, पुस्तकाचं ऐकू नका. हुंगा."

शशिकांतनं थोटूक हुंगलं. "रॉकेल." मग डबी. त्याचा चेहराच बदलला. "हा... हा मध आहे."

"लिहून द्याल?"

शशिकांतनं डोळे उघडले. "राजाबाई, नोकरी आहे माझी."

"असू दे. तुमच्या नाकानं खरं सांगितलं, तेवढं पुरे."

थोटूक मागून घेऊन ती घरी आली. तिनं माफीचे दोन्ही कागद चुलीत घातले आणि नवा घेतला. तोच हा, हिरामण ज्याच्यावर वाकला होता.

आठव्या दिवशी अध्यक्ष वाचनालयात पेपर वाचत बसले होते. राजाबाईनं कागद पुढं ठेवला. त्यांनी पहिली ओळ वाचली आणि कागद पालथा घातला.

"ही माफी नाही."

"नाही."

"मग कार्ड ठेवा इथं. आणि बाई, थोडं शिकलं की तुम्हा लोकांना सगळीकडं भांडणच दिसतं, हा अनुभव आहे आमचा."

"आम्हा लोकांना," राजाबाई म्हणाली, "बापानं एक शिकवलं. देव कोपतो म्हणतात ना, तर थांबून बघा कोपतो का. तुम्ही पुस्तकात मध वाचलात आणि तुम्हाला मध आला. माझ्या नाकानं मला फसवलं नाही, अध्यक्षसाहेब. तुमच्या पुस्तकानं तुम्हाला फसवलं. आणि ते पुस्तक वाचत जाऊ नका, असंही मी म्हणत नाही. मी ते चारदा वाचलंय. तुम्ही किती वेळा?"

कपाटापाशी शशिकांत शिक्का हातात धरून तसाच उभा राहिला. वाचणाऱ्या दोघातिघांनी माना वर केल्या.

राजाबाईनं कार्ड काढलं. टेबलावर ठेवलं, पण त्यावरचा हात उचलला नाही. दुसऱ्या हातानं एका बाजूला थोटूक ठेवलं, दुसऱ्या बाजूला डबी उघडून ठेवली. अध्यक्षांनी खुर्ची जराशी मागं सरकवली, नाक वळवलं.

"वळवू नका. मी चुकले असेन तर कार्ड तुमचं, माफी तुमची, आणि या पायरीवर पुन्हा पाय ठेवणार नाही. डोळे मिटा, दोन्ही हुंगा आणि या सगळ्यांसमोर सांगा. त्या दिवशी तुम्ही मान कशाला डोलावलीत?"