साडेतीन डिग्रीचा फरक

नल्लकुंट्यात काय, कुठंच एकटीनं आजारी पडू नये. खालची त्रिवेणी लग्नाला नांदेडला गेलेली आणि मी इकडं तापानं फणफणलेली. घोटभर पाणी द्यायला कुणी नाही. दुपारी मकरंदचा फोन आला. माझा एकुलता एक मुलगा. जर्मनीला असतो, तीन वर्षांत घराकडं फिरकलेला नाही.

"आई, ताप किती वाढलाय?"

"नेहमीपेक्षा साडेतीन डिग्रीनं," मी म्हटलं.

"अगं, म्हणजे साडेचाळीस! मी आजचंच तिकीट बघतो!"

आता आपल्याकडची गंमत बघा. ऊन मोजायचं सेल्सिअसमध्ये, पण काखेतला थर्मामीटर मात्र फॅरनहाइटचा. तिकडं राहून हा विसरला. सेल्सिअसच्या सदतिसात माझे साडेतीन तसेच मिळवून मोकळा! माझ्या लगेच ध्यानात आलं, पण मी मुद्दाम गप्प बसले. येतोय तर येऊ दे की! त्याच्यासाठी बगारे बैंगन करायचं, इथपर्यंत माझी मजल गेली.

तेवढ्यात तोच म्हणाला, "थांब, तुझा थर्मामीटर फॅरनहाइटचा ना? मग साडेतीनातून बत्तीस वजा करायचे आणि..."

झालं! जन्मभर सुलतान बाजारातल्या शाळेत गणित शिकवलं, याच चुकीसाठी पोरांचे कान पिळले. जीभ आवरते होय?

"अरे गाढवा, बत्तीस वजा केलेस तर माझा बर्फ होईल! ते पूर्ण तापमानातून वजा करतात. हा नुसता फरक आहे, त्यात दोन्हीकडचे बत्तीस कटून जातात. पाच-नवमांशानं गुण फक्त. जेमतेम दोन येतात."

"म्हणजे एकोणचाळीसच?" त्यानं हुश्श केलं. "घाबरवलंस की गं! मग गोळी घे, पाणी पीत राहा. आणि डोकं तर तुझं माझ्यापेक्षा छान चालतंय, मला आता काळजी नाही. येण्याचं दिवाळीला बघू."

"हौ, आता नक्को येऊस. उगाच परेशान कशाला व्हायचं?" मी ठसक्यात म्हटलं.

फोन ठेवला आणि उशीत तोंड खुपसून रडले. उत्तर बरोबर होतं हो माझं. पण 'दोन तर दोन, तरी येतो' एवढं म्हणाला असता, तर काय बिघडलं असतं त्याचं?