सुटलेल्या वस्तूंची पिशवी

हँगिंग

"लटकतंय की सुटलंय, ते आधी ठरवा बाई," नायडेन म्हणाला.

कोटाचं बटण एका धाग्यावर लोंबत होतं. बिस्त्राबाईंनी त्याला टिचकी मारली. लटकतंय, धागा आहे अजून. मग त्यांनी ते ओढून काढलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"केम ऑफ," तो म्हणाला.

"आपणहून निघालं का? मी ओढलं. पुल्ड ऑफ."

"घ्या. बटण तुटलं तरी इंग्रजांना गुन्हेगार हवाच."

टेबलावर आणखीही वस्तू होत्या.

अर्धं लेबल सुटलेली बरणी. तोंड वासलेला बूट. कान गेलेलं पातेलं आणि बाजूला तो कान. सगळं एका कापडी पिशवीतून यायचं, पिशवीतच परत जायचं. बटण बाई घरी नेऊन पुन्हा एकाच धाग्याने टाचत. पुढच्या मंगळवारी तुटायला हवं म्हणून.

पूर्वी त्या शाळेत रशियन शिकवत. राज्य बदललं, रशियन कुणाला नको झालं, तेव्हा एका उन्हाळ्यात त्यांनी स्वतः इंग्रजी शिकून घेतलं आणि त्याच फळ्यावर भाषा बदलली. निवृत्तीनंतर वर्ग वाचनालयाच्या मागच्या खोलीत आला. खिडकीतून डॅन्यूब दिसायची, हिवाळ्यात धुक्याने दिसायची नाही. खुर्च्या कमी पडत. लोक घरून स्टूल आणत. नर्सा, गवंडी, स्ट्रॉबेरी तोडायला निघालेल्या बायका, सगळे या पिशवीवर शिकले आणि परदेशी गेले.

लूज

ट्रक चालवायला गेलेल्या स्तामेनने एकदा इंग्लंडातून फोन केला होता, एवढंच सांगायला: बाई, आज मागचा माल लूज झाला आणि मला शब्द आला.

कपल्ड, अनकपल्ड

आता एकटा नायडेन उरला होता. साठीला आलेला, हातांची बोटं जाडजूड. रेल्वेच्या यार्डात आयुष्यभर डबे जोडायचं आणि सोडायचं काम केलं. यार्ड बंद पडलं. बायको रुमेना कधीच इंग्लंडात गेली होती, म्हाताऱ्यांच्या आश्रमात काम करायला. आता त्याच आश्रमात किरकोळ दुरुस्तीसाठी माणूस हवा होता.

डबे कसे सोडतात, हे बाईंनी त्याला इंग्रजीत सांगायला लावलं. त्याने दोन मुठी समोरासमोर धरल्या. शब्द संपल्यावर तो आपल्या भाषेत आला.

"ताणलेले डबे सुटत नाहीत बाई. इंजिनाला म्हणायचं, जरा मागं ये. डबे एकमेकांना टेकले की साखळी सैल पडते. मग काय, एका हाताचं काम."

"म्हणजे सोडायला आधी जवळ आणायचं."

"नाहीतर? ताणून सोडायला गेला त्याची बोटं गेली."

वर्ग संपला की तो शेगडीतली राख काढायचा आणि बाईंना घरापर्यंत पोचवायचा. त्यांच्या दारावर नवऱ्याच्या निधनाचा कागद होता, फोटोसकट, माणूस गेलेल्या सगळ्याच घरांच्या दारांवर असतो तसा. वाऱ्याने त्याचा कोपरा उचकटायचा. नायडेन जाता जाता तो अंगठ्याने दाबायचा आणि काहीतरी भलतंच बोलायचा, सलगमच्या भावाबद्दल वगैरे.

तो गेला की वर्ग बंद होणार होता. खोली नाचाच्या मंडळाला द्यायची हे वाचनालयाच्या चिटणीसबाईंनी कधीच ठरवून टाकलं होतं. मंगळवारी मग बाई कुठे जाणार, हे ठरवायचं काम चिटणीसबाईंचं नव्हतं.

फिक्स्ड

आश्रमाच्या व्यवस्थापकबाई नोकरी देण्याआधी फोनच्या पडद्यावर चेहरा बघून बोलणार होत्या. बिस्त्राबाईंनी एकच ताकीद दिली. आपण हो म्हणताना मान आडवी हलवतो. तिथे त्याचा अर्थ 'नाही' होतो. तेव्हा मान हलवूच नका. फिक्स्ड.

"अटॅच्ड आहे तोवर हलणारच की," नायडेन म्हणाला. पण शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावून बसला.

फोन टेबलावर बरणीला टेकवला होता. बाई त्याच्या पाठीमागे, पडद्याबाहेर. पहिले प्रश्न नीट गेले. नळ लूज असेल तर काय कराल, ते त्याने सांगितलं. कपाटाचं दार निखळलं तर, तेही. बाईंचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते.

मग व्यवस्थापकबाईंनी विचारलं, एप्रिलमध्ये येऊ शकाल का?

नायडेन खुर्चीत पुढे सरकला. येस म्हणायचं राहूनच गेलं. तो जोरजोरात आडवी मान हलवू लागला.

पडद्यावरची बाई थबकली. एप्रिल नाही का? हरकत नाही, ती समजुतीने म्हणाली, आम्ही शरद ऋतूपर्यंत थांबू शकतो. शरद चालेल?

नायडेनला वाटलं, आपलं होकाराचं उत्तर तिला पोचलं. तो हसला आणि आणखी जोरात तेच करू लागला.

शरद. म्हणजे अख्खा उन्हाळा. सगळे मंगळवार. बाईंनी मागे नुसतं उभं राहिलं असतं तरी झालं असतं. कुणी दोष दिला नसता, रुमेनानेसुद्धा नाही.

त्या पुढे झाल्या. मागून दोन्ही तळहात त्याच्या कानांवर ठेवले. कान गरम होते. त्यांनी त्याचं डोकं घट्ट धरलं आणि वर केलं, खाली केलं, वर केलं.

"येस," त्या पडद्यात वाकून म्हणाल्या. "एप्रिल. येस."

पलीकडची बाई हसायला लागली. हात काढायला बिस्त्राबाईंना जरा वेळ लागला.

टाइड

मार्चच्या शेवटी तो बसने गेला. तिकडे थंडी ओली असते असं थांब्यावर बाईंनी सांगितलं, रुमेना नवे बूट घेणार आहे असं त्याने. बस वळली तेव्हा तो दुसऱ्या बाजूच्या खिडकीत होता.

बाई गल्लीने परत निघाल्या. मनगटावर लाल-पांढरा धागा होता. मार्चच्या पहिल्या दिवशी तो सगळ्यांनी एकमेकांना बांधायचा आणि पहिला करकोचा दिसला की सोडून फुललेल्या झाडाला बांधायचा. यंदा बाईंचा धागा नायडेनने बांधला होता. रेल्वेवाल्याची गाठ, बारीक आणि घट्ट.

शेजारची वेलिका कुंपणापाशी पाला गोळा करत होती. तिने दाताळं उंचावून बेकरीच्या धुराड्याकडे दाखवलं.

"बिस्त्रा, आला बघ! करकोचा! सोड धागा, आमचं जर्दाळू फुललंय, याच्यावरच बांध."

धुराड्यावर तो एका पायावर उभा होता, पांढराशुभ्र. चोच वाजवत होता, आवाज गल्लीभर येत होता.

"कुठे गं?" बाई म्हणाल्या. "मला नाही दिसत."

"अगं तो काय समोर."

"इतक्या लांबचं नाही आता दिसत मला," बाई म्हणाल्या, आणि बाही मनगटावर खाली ओढून घराकडे वळल्या.