सातवी लाल कॅप

मी कॅप बोलतेय. डोक्यावर घालतात ती नव्हे. मी ॲल्युमिनियमची, तळहातात मावेल एवढी, गोल आणि लालभडक. माझ्या काठाला एक फीत बांधलेली आहे आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलंय, 'उड्डाणापूर्वी काढा'. उड्डाणापूर्वी मला कुणी काढलं नाही, कारण तोवर मला कुणी कशावर बसवलंच नव्हतं. तरी माझ्यापायी एका यंत्राचा डोळा गेला आणि एका भल्या माणसाचं नाव धुळीला मिळालं. त्यासाठी मला काहीच करावं लागलं नाही. मी नुसती पडून होते.

माझा जन्म अंधेरी पूर्वेचा. तिथे एका गल्लीत, पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्याला लागून, अंतराळ विज्ञानाच्या एका राष्ट्रीय संस्थेची प्रयोगशाळा आहे. बाहेरून पाहिलं तर कुणालाही गोदाम वाटावं. आत मात्र अकरा वर्षं एक यंत्र घडत होतं. दूरच्या ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण टिपण्यासाठी ते उपग्रहावर बसून आभाळात जाणार होतं. त्याला सहा डोळे होते. प्रत्येक डोळा हातभर खोल नळीच्या तळाशी, आणि इतका नाजूक की बोट लागलं तर संपला. म्हणून यंत्राची जुळणी चालू असेपर्यंत दर डोळ्यावर एक लाल कॅप बसवायची आणि शेवटी सहाच्या सहा काढून एका पेटीत ठेवायच्या, असा रिवाज होता. पेटीत सहा खाचा. सहा भरलेल्या दिसल्या की साहेबांनी सही करायची. माणसांना भरलेली खाच फार आवडते. ती दिसली की त्यांना पुढचं काही बघावंसं वाटत नाही.

त्या सहा कॅप्स दत्ताराम मेस्त्रीनं केल्या होत्या. मीही त्याच्याच हातची, पण माझी गोष्ट वेगळी.

दत्ताराम संस्थेच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं लेथ मशीनवर उभा होता. बाप कुडाळहून गिरणीत आला होता. मुलगा संस्थेत चिकटला, तेव्हा बापानं म्हणे चाळभर पेढे वाटले होते. दत्तारामचा हात असा की डोळे मिटून केसाएवढी जाडी सांगायचा. पण त्याच्या मनात एक खंत होती. त्यानं केलेली प्रत्येक वस्तू खालीच राहायची. यंत्र ठेवायचे स्टँड, ते ढकलायच्या ट्रॉल्या, पकडायचे चिमटे, आणि या लाल कॅप्स. वर जाणारे भाग बाहेरून मोठ्या कारखान्यांतून यायचे.

"माझ्या हातचं एक काय तरी वर जाऊ दे यार," तो डबा खाताना म्हणायचा. "एक स्क्रू गेला तरी चालेल. मग मी खुशाल रिटायर होईन."

सगळे हसायचे. कुणीतरी म्हणायचं, "दत्ता, तुझी कॅप काढल्याशिवाय यंत्र वर जात नाही, हे काय कमी आहे?" तोही हसायचा. मग उरलेली चपाती न खाता डबा बंद करायचा.

निवृत्तीला पाच महिने उरले होते. यंत्र संध्याकाळी सहाच्या ट्रकनं उड्डाणतळाकडे निघायचं होतं. दुपारी इरावती मॅडमनं आधी काढून ठेवलेल्या कॅप्स पेटीत मांडल्या आणि तिचा चेहरा उतरला. इरावती म्हणजे यंत्राच्या जुळणीची प्रमुख इंजिनिअर, हुशार आणि कामाची पक्की. पेटीत पाचच कॅप्स होत्या. चौथी खाच रिकामी होती, आणि टेबलावर चार नंबरची फीत तेवढी पडली होती.

टेबलांखाली पाहिलं, कचऱ्याचे डबे उलटे केले, सगळ्यांचे खिसे झाले. कॅप नाही. नियम असा की एकही कॅप हरवली तर ती सापडेपर्यंत यंत्र जागेवरून हलवायचं नाही. डॉक्टर नंदकिशोर, म्हणजे या यंत्राचे जनक, घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होते. ट्रक चुकला तर उपग्रहावरची जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

दत्तारामला बोलावलं. त्यानं ती फीत उचलली, चष्मा वर सरकवून टोकाकडे पाहिलं.

"साहेब, ही तुटलेली नाही. कात्रीनं कापलीय."

"मग?"

"गेल्या आठवड्यात चार नंबरच्या नळीवर काळा पडदा चिकटवला ना? फीत मधे येत असणार म्हणून कुणीतरी कापली असेल. आणि कॅप आतच राहिली असेल. पडदा काढून एकदा आत बघूया."

तो काळा पडदा सहाही नळ्यांच्या तोंडावर चिकटवायचा असतो. त्यातून क्ष-किरण आरपार जातात, माणसाची नजर जात नाही. आत काय आहे हे त्या घटकेला कुणालाच दिसत नव्हतं.

"पडदा काढून पुन्हा चिकटवायला तीन दिवस लागतात, दत्ताराम," साहेब म्हणाले. "इरावती, तू चारची कॅप काढली होतीस ना?"

"काढली असेन, सर. मी नेहमी काढते."

"झालं तर. हरवली आहे ती. दत्ताराम, तुम्ही तासाभरात दुसरी करून द्या. लेथचं काम तुमचं, डोळ्यांचं आमचं."

"वर्क ऑर्डर, साहेब?"

"कागद नंतर करू."

अशी मी चाळीस मिनिटांत जन्मले. दत्तारामनं मला घासून गुळगुळीत केलं, लाल रंग फवारला, पाठीवर ४ आकडा ठोकला. मग जरा थांबला आणि आतल्या बाजूला खिळ्यानं एक बारीकसं टिंब दिलं. शेजारच्या लेथवाल्या राजेशनं विचारलं, हे कशाला? "खरी सापडली तर ही वेगळी ओळखू यायला हवी ना," दत्ताराम म्हणाला. जुनीच फीत त्यानं माझ्या काठाला बांधली.

मी चौथ्या खाचेत बसले. सहा झाल्या. साहेबांनी सही केली, इरावतीनं केली, सहा वाजता ट्रक गेला. उड्डाणतळावरही शेवटच्या दिवशी कुणीतरी पेटी उघडून आम्हाला पाहिलं आणि खुशीत सही ठोकली. मी तिथेच होते. मला तोंड असतं तर मी ओरडले असते, असं लिहायला बरं वाटतं. खरं सांगायचं तर मला तेव्हा अभिमान वाटत होता. माझ्यामुळे पेटी भरली होती.

उड्डाण झालं. दत्ताराम राहतो त्या दिंडोशीच्या बिल्डिंगमध्ये लोकांनी टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या. त्याच्या मुलीनं, मानसीनं, त्याच्या मोबाइलवर एक ॲप टाकून दिलं. उपग्रह मुंबईच्या डोक्यावरून जायला लागला की ते वाजायचं. ते वाजलं की दत्ताराम हातातलं काम टाकून गॅलरीत जायचा. दिसायचं काहीच नाही. विमानं तेवढी दिसायची. तरी मान वर करून उभा.

महिन्याभरानं यंत्राचे डोळे उघडले. पाच डोळ्यांनी पाहिलं. चौथा, सगळ्यांत मोठा, ज्याच्यासाठी अकरा वर्षं घालवली तो, ठार आंधळा. आठवडाभर आकडेमोड करून शास्त्रज्ञांना कळलं की त्याच्यापुढे तीन मिलिमीटर जाडीचं ॲल्युमिनियम आहे. तीन मिलिमीटर ही माझ्या बहिणीची जाडी. ती नळीतच होती. तिनं इमानेइतबारे डोळा जपला होता आणि अजून जपते आहे.

म्हणजे दत्तारामच्या हातचं एक काहीतरी शेवटी वर गेलं होतं.

चौकशी समिती बसली. मला पारदर्शक पिशवीत घालून टेबलावर ठेवलं. समितीच्या अध्यक्ष मृणालिनीबाई, बाहेरच्या संस्थेतल्या, करड्या केसांच्या, शांत. त्यांनी मला उलटं केलं आणि टिंब दिसलं.

"ही सातवी कॅप कुणी केली?"

"मी," दत्ताराम म्हणाला.

"वर्क ऑर्डर कुठे आहे?"

"साहेब म्हणाले, कागद नंतर करू."

सगळ्यांच्या नजरा डॉक्टर नंदकिशोरांकडे गेल्या. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मला याची कल्पना नव्हती. कॅप हरवल्याचं मला कुणी सांगितलंच नाही. वर्कशॉपमधून परस्पर झालं असावं. सांभाळून घेण्याच्या नादात, बिचारा."

तो 'बिचारा' त्यांनी फार मायेनं म्हटला. अकरा वर्षं एकाच यंत्राची स्वप्नं पाहिलेल्या माणसाला स्वतःला वाचवताना इतकी माया येते, हे मला तेव्हा कळलं.

"आणि हे टिंब?" मृणालिनीबाईंनी विचारलं.

"खरी सापडली तर ओळखू यावी म्हणून."

"म्हणजे खरी हरवलेली नाही, कुठेतरी आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं. तरी तुम्ही ही पेटीत जाऊ दिलीत."

ते अर्धं खरं होतं. दत्तारामनं इरावतीकडे पाहिलं. तिच्यासमोर तो सगळं बोलला होता. तिनं एक वाक्य म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"मला आठवत नाही," इरावती म्हणाली आणि आपल्या नखांकडे बघत बसली. त्या राजेशनंही तोंडात मिठाची गुळणी धरली. त्याला मुलाच्या नोकरीसाठी साहेबांची शिफारस हवी होती.

दत्तारामकडून लेथची किल्ली काढून घेतली. उरलेले दोन महिने त्याला स्टोअरमध्ये खोके मोजायला बसवलं. यंत्रावर काम केलेल्या सगळ्यांची नावं जिन्याजवळच्या पितळी पाटीवर होती. ती पाटी वर्कशॉपमध्ये आणून त्याचं नाव घासून काढलं. ते घासायला यज्ञेश नावाचा जो नवा फिटर होता, त्याला पॉलिश करणं नीट जमेना, तेव्हा दत्तारामनंच त्याला दाखवलं, असं धर हात, नाहीतर बाजूच्या नावांना चरे पडतील. हे मी ऐकीव सांगत नाही. मी तेव्हा तिथेच भंगाराच्या डब्यात पडले होते. चौकशी संपल्यावर मला तिथे फेकलं होतं. निरोप समारंभ झाला नाही. शेवटच्या दिवशी त्यानं मला डब्यातून उचललं आणि रुमालात बांधून घरी नेलं.

आता मी दिंडोशीला असते. सुगंधाबाईंनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, मला मेथ्यांच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवलंय. माझा रंग उडत चाललाय, फीत तेलकट झालीय. बिल्डिंगमधले लोक विचारायचे, काका, तुमचं यंत्र काय म्हणतंय? आता विचारत नाहीत. जिन्यात भेटले की मोबाइल काढून बघत बसतात.

गेल्या महिन्यात इरावती आली. तिला बढती मिळाली आहे. दुसरं यंत्र तयार होतंय आणि नव्या फिटरच्या कॅप्स डोळ्यांच्या काठाला घासतायत.

"काका, तुमच्यासारखा हात कुणाचा नाही. साकीनाक्याला तुमच्या ओळखीचा लेथ आहे ना? सहा कॅप्स करून द्या ना प्लीज." ती खुर्चीच्या टोकावर बसली होती. "कागद नंतर करू."

सुगंधाबाईंनी चहाचा कप तिच्यासमोर आदळला. "तुमका लाज नाय वाटत?" त्या म्हणाल्या. "माजो घोव दोन म्हयने खोके मोजी होतो!"

"तू थांब गं," दत्ताराम म्हणाला. मग इरावतीकडे वळून अगदी हळू विचारलं, "फीत तुम्हीच कापली होती ना, मॅडम?"

"हो."

"कधी आठवलं?"

"तुम्ही समितीत माझ्याकडे बघितलंत ना, काका, तेव्हा."

मला वाटलं तो आता फोडून काढेल हिला. माझी फार इच्छा होती. पण तो उठला, स्वयंपाकघरात गेला, बरणीवरून मला काढलं, लुंगीच्या टोकानं पुसलं आणि टीपॉयवर तिच्यासमोर ठेवलं.

"सहा कुणाकडूनही करून घ्या. तुम्हाला सातवी लागणार. ती तयार आहे, घेऊन जा."

इरावती रडली. रडून झाल्यावर मात्र मला न घेताच गेली. चहाही तसाच राहिला.

ती जिना उतरत असतानाच ॲप वाजलं. संध्याकाळ होत होती.

"ता काडून टाका मोबाइलातसून एकदाचा," सुगंधाबाई आतून ओरडल्या. दत्तारामनं ते काढलेलं नाही. का, ते मला माहीत नाही.

वाचणाऱ्यांनो, तुम्हीही कुठे ना कुठे सह्या करत असाल. माझं एवढंच ऐका. खाच भरली म्हणून पेटी मिटू नका. कुणी मेस्त्री म्हणाला, एकदा आत बघूया, तर तीन दिवस जाऊ द्या आणि बघा. मला भरलेली खाच म्हणून जगावं लागलं. असं जगणं कुठल्याही कॅपच्या वाट्याला येऊ नये.

त्या संध्याकाळी दत्ताराम मला हातात घेऊन गॅलरीत गेला. त्यानं मान वर केली. डोक्यावर सांताक्रूझला उतरणारं एक विमान होतं, बाकी आभाळ मोकळं. मग त्यानं चष्मा काढला, एक डोळा मिटला आणि दुसऱ्या डोळ्यावर मला घट्ट धरलं. ज्या कामासाठी मी जन्मले, ते मला पहिल्यांदा मिळालं. डोळा गरम होता आणि ओला होता.

"काय करतास?" सुगंधाबाई दारात येऊन म्हणाल्या.

"चार नंबरला कसं दिसत असेल ते बघतोय."

ॲप वाजायचं थांबलं. उपग्रह पुढे निघून गेला होता.

"गेला ना तो? मग काडा ता आता डोळ्यावरसून," त्या म्हणाल्या.

त्यानं मला काढलं नाही.