तलाठ्याच्या दारातली गादी

अण्णांना पहिला धक्का बसमध्येच बसला. चौतीस वर्षं कंडक्टरकी करून निवृत्त झालेला माणूस लेकाकडे परदेशात कायमचा राहायला आला, दुसऱ्याच दिवशी हौसेनं बसमध्ये चढला, आणि बघतो तर कंडक्टरच नाही! माणसं चढत होती, एका डबीला कार्ड टेकवत होती आणि मुकाट जागेवर जाऊन बसत होती. पुढे सरका म्हणायला कुणी नव्हतं, तरी सरकत होती.

"अरे, मग घंटी कोण मारतं?"

"कुणी नाही," लेक म्हणाला.

"आणि तरी गाडी सुटते?"

"सुटते, अण्णा. जरा हळू बोला."

तोवर अख्खी बस वळून बघायला लागली होती.

हळू बोलायची सोयच अण्णांच्या घशात नव्हती. शेवटच्या बाकापासून ड्रायव्हरपर्यंत, इंजिन आणि कोंबड्यांच्या वरताण पोचणारा तो आवाज. बहिणीशी फोनवर बोलायचे तेव्हा फोन हा निव्वळ उपचार वाटायचा. घर तिसऱ्या मजल्यावर, खाली लाकडी जमीन, आणि त्या जमिनीखाली एक निवृत्त गृहस्थ राहायचे. जिन्यात भेटले की ते खिशातून वही काढून काहीतरी टिपून घेत. अण्णांनी त्यांचं नाव तलाठी ठेवलं. त्यांच्या बायकोचं आपोआपच तलाठीणबाई झालं.

दोन महिन्यांत तलाठ्यानं घरमालकाकडे दोन तक्रारी केल्या. पहिली, अण्णांनी बहिणीच्या गुडघ्याची चौकशी केली त्याबद्दल. दुसरी शिंकांबद्दल. दोन शिंका, सकाळी सहा अठरा आणि सहा एकोणीस. मालकानं कळवलं की तिसरी तक्रार आली, तर पुढच्या महिन्यात संपणारा भाडेकरार वाढवून मिळणार नाही.

"हे घर मिळायला आठ महिने लागलेत, अण्णा," सूनबाई हात जोडून म्हणाली. "आता शिंक आली तरी गिळा."

अण्णा गिळू लागले. कुजबुजूही लागले. ती कुजबुज शेजारच्या इमारतीत ऐकू जाईनाशी झाली, एवढी प्रगती झाली.

अशात एका बुधवारी दुपारी, लेक आणि सूनबाई कामावर असताना, अण्णांनी खिडकीतून खाली पाहिलं आणि त्यांच्या काळजात धस्स झालं. इमारतीच्या दाराशी, फुटपाथच्या कडेला, एक गादी उभी करून ठेवली होती. शेजारी दोन उशा. आणि ती ओढत आणून ठेवणारा माणूस खुद्द तलाठी.

गादी बाहेर! घरातली गादी-उशा कधी बाहेर टाकतात, हे काय अण्णांना कुणी सांगायला हवं होतं? तलाठीणबाई चार दिवसांत दिसल्या नव्हत्या. सकाळी काळ्या कोटातले दोघं माना खाली घालून जिना उतरताना दिसले होते. या देशात निम्मी माणसं काळे कोट घालतात आणि सगळीच माना खाली घालून फोन बघतात, हे त्या क्षणी अण्णांच्या ध्यानात आलं नाही.

"अरेरे! एकटा पडला बिचारा," ते भिंतीला म्हणाले. "आणि आम्ही त्याच्या डोक्यावर शिंकत होतो!"

लेकाला फोन लावला, तो मीटिंगमध्ये. मग अण्णांनी पांढरा सदरा चढवला, टोपी घातली आणि एक मजला उतरून गेले. तलाठ्याचं दार अर्धवट उघडं होतं. अशा घरी कुणी बेल वाजवत नाही. अण्णांनी चपला काढल्या, आत गेले आणि सोफ्याच्या कडेला बसले.

आतल्या खोलीत पलंगाचं माप घेत असलेला तलाठी टेप हातात घेऊन बाहेर आला आणि जागीच थिजला. भानावर आल्यावर त्यानं काहीतरी विचारलं. अण्णांनी हात वर करून त्याला थांबवलं. बोलू नका, सगळं कळलंय. त्यानं कपाकडे बोट दाखवलं. अण्णांनी छातीवर हात ठेवून नकार दिला. अशा घरी पाणीसुद्धा घेत नाहीत.

तलाठी समोरच्या खुर्चीत टेकला. त्यानं वही उघडली, घड्याळात पाहून वेळ लिहिली. पुढे काय लिहावं ते त्याला सुचेना. वही मिटली.

दहा मिनिटं गेली. वीस गेली. चौतीस वर्षांत जो माणूस कधी थांब्यावरही गप्प उभा राहिला नव्हता, तो शब्द न काढता बसला होता. भेटायला गेल्यावर नुसतं बसायचं असतं, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. हळूहळू तलाठ्याचे खांदे सैल झाले. त्यानं टेप खाली ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. अण्णांनी रुमालानं डोळे टिपले. ते पाहून तलाठ्याच्याही डोळ्यांत पाणी आलं. का, ते त्याला विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

चाळिसाव्या मिनिटाला दार पूर्ण उघडलं. दारात तलाठीणबाई. हातात प्रवासाची बॅग, गाल लालबुंद, मागे दोन हमाल आणि त्यांच्या डोक्यावर नवी कोरी गादी.

"अरे देवाऽऽ! या तर जिवंत आहेत!"

दोन महिने गिळलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. हमालांनी गादी टाकली. बाई किंचाळल्या. चौथ्या मजल्यावरची दारं उघडली. अण्णांनी चपला हातात घेतल्या आणि 'येतो' न म्हणता निघाले. तेवढा एक रिवाज त्यांच्याकडून बिनचूक पाळला गेला.

संध्याकाळी लेकानं कपाळाला हात लावला.

"तुम्ही सरळ त्यांच्या घरात घुसलात?"

"भेटायला गेलो."

"वेळ न घेता?"

"मयताला वेळ घेऊन जातात का रे?"

"मयत झालंच नव्हतं, अण्णा! इथे गादी जुनी झाली की बाहेर ठेवतात. पालिकेची गाडी येऊन नेते."

"धडधाकट बाईची गादी?" अण्णांना हा धक्का दुपारच्यापेक्षा मोठा होता. "दिवसाढवळ्या? आणि तिला चालतं?"

सूनबाईनं लॅपटॉप उघडून भाड्याची घरं बघायला घेतली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराखालून पाकीट आत सरकलं. सूनबाईनं ते फोडलं आणि मराठीत सांगत वाचायला लागली.

"'काल दुपारी दोन दहाला वरच्या मजल्यावरचे वृद्ध गृहस्थ आमच्या दिवाणखान्यात आढळले. ते चाळीस मिनिटं बसले. त्यांनी काही मागितलं नाही, काही विकलं नाही, एक शब्द बोलले नाहीत. मला निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत माझ्याजवळ असं कुणी बसलं नव्हतं. शेवटच्या आवाजाची नोंद घेतली आहे, पण ती मालकांकडे पाठवत नाही. पत्नीची हरकत नाही. तरी त्यांनी दर बुधवारी दोन दहा ते दोन पन्नास यावं. अट एकच, असंच गप्प बसावं.'"

"वाचलो!" लेक खुर्चीत कोसळला. "अण्णा, जाल ना?"

अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अरे, पण कुणी गेलेलं नसताना चाळीस मिनिटं गप्प? मला कसं जमेल? दर बुधवारी माणूस आणायचा कुठून?"

लेक सूनबाईकडे बघायला लागला, सूनबाई पत्राकडे. मग ती हळूच म्हणाली, "अण्णा, ड्यूटीमुळे कुणाकुणाच्या घरी भेटायला जायचं राहून गेलं असेल ना तुमचं?"

अण्णा बोटांवर मोजायला लागले. आत्याचे यजमान. थोरला मेव्हणा. डेपोतला सोबती ड्रायव्हर, तो गेला तेव्हा यात्रेच्या जादा गाड्या होत्या. चुलतचुलते तर तिघं. हातांची बोटं संपली, तेव्हा सूनबाईनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

अण्णांनी चष्मा लावला आणि पहिल्या बुधवारच्या चौकटीत आत्याच्या यजमानांचं नाव घातलं. मग एकेक बुधवार भरत गेले. वर्षअखेरीपर्यंतची सोय झाली.