मायलीनचा आवरलेला हात

मायलीनचा हात डोक्याच्या आधी धावायचा. हल्ला तिच्याइतका झटकन दिसणारा दुसरा खेळाडू सांता क्लाराच्या बुद्धिबळ क्लबात नव्हता, पण हाताशी आलेले डाव ती उतावीळपणाने घालवायची. क्लबातच नव्हे, स्पर्धांमध्येही सगळे तिला ‘काडेपेटी’ म्हणत.

कपाळावर सौम्य वीज सोडली तर बुद्धिबळपटूंची एकाग्रता आणि संयम वाढतो का, हे तपासायला डॉक्टर सोराइदा क्लबात आल्या, तेव्हा प्रशिक्षक एवेलियो हसला. “डोक्याला वीज? बाई, इथे पंख्याला मिळेना!”

“बॅटरीवर चालतं, मास्तर. आधी मी स्वतःला लावून पाहिलंय.”

“मग?”

“कपाळाला खाज सुटली. स्वभाव तोच आहे, असं नवरा म्हणतो.”

मायलीनने सर्वांत आधी नाव दिलं. काहींना खरी वीज मिळणार होती, काहींना नुसतेच स्पंज; कोणाला काय, हे निकाल लागेपर्यंत गुप्त. मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंज कपाळाला बांधायचे आणि पडद्यावर बाण दिसला की बटण दाबायचं. लाल ठिपका दिसला तर बोट आवरायचं. सुरुवातीला तिचं बोट आवरेचना. ती चिडायची, बाहेर जाऊन कॉफी पिऊन यायची आणि पुन्हा बसायची. हळूहळू बोट थांबायला शिकलं.

प्रयोग संपला. राष्ट्रीय स्पर्धेत ती अंतिम फेरीपर्यंत पोचली, तेव्हा तिने डॉक्टरांना गळ घातली, “शेवटच्या डावाआधी एकदाच लावा ना!”

“नाही. त्याचा उपयोग किती, हेच मला अजून माहीत नाही. शिवाय समोरचीला जे मिळत नाही, ते तुला कसं देऊ?”

मायलीन फुरंगटली. पण ही बाई आपल्याला खोटी आशा लावत नाही, हेही तिला मनोमन आवडलं.

अंतिम डावात सांतियागोच्या न्युर्काचा राजा कोपऱ्यात पुरता कोंडला होता. हलवण्याजोगं मोहरं म्हणून फक्त एक हत्ती उरला होता. तोच तिने मायलीनच्या राजाला शह देत अगदी शेजारी आणून ठेवला. फुकटचा हत्ती! मायलीनचा हात उचलला गेला, आणि हवेतच थांबला. हात शिवशिवत होता. ती शिवशिव तिला स्पष्ट जाणवत होती. तिने हात मांडीखाली दाबला.

हत्ती मारला, तर न्युर्काला शह नसेल, पण खेळायला चालही उरणार नाही. डाव बरोबरीत!

तिने राजा बाजूला घेतला. न्युर्का शहावर शह देत राहिली. मायलीन एकेक घर सरकत आपल्या हत्तीच्या आडोशाला पोचली. शह संपले. न्युर्काने हार मानून हसत हात पुढे केला. “काडेपेटी विझली की काय गं?”

“विझली नाही. जपून वापरते.”

परतल्यावर तिने सोराइदांना गाठलं. “खरं सांगा, हे विजेचंच काम ना?”

“तुला खरी वीज मिळाली होती. गटाला थोडा फायदा दिसतोय, फार नाही. तुझ्या त्या चालीत विजेचा वाटा किती, ते मला सांगता येणार नाही. मी सांगितलं, तर ती थाप ठरेल.”

मायलीनने त्यांना घट्ट मिठी मारली. दारात एवेलियो घुटमळत होता.

“डॉक्टरबाई,” तो खाकरला, “पुढच्या गटात म्हाताऱ्यांना घेता का?”